वाल्ह्याजवळची उसाची ट्रॉली आणि सायकलचा दिवा

हडपसरचा_स्वार

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझी पहिली ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) आहे. वेळ मिळतो २० तास. सकाळी सहाला सुटलो तरी डिसेंबरात संध्याकाळी सहाला अंधार पडतो, म्हणजे शेवटचे सात-आठ तास दिव्यावरच काढायचे. २०० ची मी उजेडात संपवली होती, त्यामुळे दिव्याचा विचारच कधी केला नव्हता.

सरावासाठी गेल्या रविवारी दुपारी निघून सासवड, जेजुरीमार्गे नीरेपर्यंत गेलो आणि अंधार पडल्यावर परत फिरलो. वाल्ह्याच्या अलीकडे एक सरळ पट्टा आहे. समोरून एक गाडी हेडलाइट लावून आली, डोळे दिपले. ती गेली आणि पुढची दोन-तीन सेकंद मला काहीच दिसेना. दिसलं तेव्हा समोर उसाची ट्रॉली उभी होती. पंक्चर काढत होते बिचारे. मागे लाल दिवा नाही, पट्टी नाही, नुसता काळा ढीग आणि बाहेर आलेली उसाची वाढी. ब्रेक दाबून, हँडल फिरवून कसाबसा साईडपट्टीवर उतरलो. पडलो नाही. पण त्यानंतर दिवेघाट उतरताना हात थरथरत होते, आणि घरी आल्यावर बायकोला मी हे सांगू शकलो नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

माझ्याकडे दिवा होता. ऑनलाइन घेतलेला, खोक्यावर '२००० लुमेन' छापलेला. तरी हे झालं. म्हणून विचारतो: दिवा निवडताना नेमकं काय बघायचं? पुढचा-मागचा मिळून साडेचार-पाच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. आणि रात्री चालवण्याचे तुमचे अनुभवही सांगा.

पहाटवारा

आधी हे सांगा की तुम्ही धड आहात ना. लिहिलंत ते फार बरं केलंत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गाळप संपेपर्यंत आमच्याकडे सांगली भागात हे रोजचंच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीचा दिवा उसात झाकलेला. आम्ही हंगामात रात्रीचा वेग ठरवून कमी करतो. दिव्यातलं माझ्यापेक्षा इथल्या 'कंदील' यांना जास्त कळतं, ते लिहितीलच.

कंदील

लिहितो. पंधरा वर्षं एलईडीच्या कामात आहे आणि दहा वर्षं रात्री सायकल चालवतोय, म्हणून जरा लांबेल.

तुमच्या दिव्यात लुमेन कमी होते की जास्त, हा प्रश्नच नाही. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो. तो कुठे पडतो, हे त्यातून कळत नाही. रस्त्यावर प्रत्यक्ष किती उजेड पोचला ते लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. टॉर्चसारखा गोल झोत असेल तर जवळजवळ अर्धा उजेड आभाळात, झाडांत आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो. उरलेला तुमच्या पुढच्या चाकाजवळ चार-पाच मीटरवर पांढरं डबकं करतो. त्या डबक्याची डोळ्यांना सवय होते आणि लांबचं आणखी काळं दिसतं. त्यातच अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो. ट्रॉली तुम्हाला उशिरा दिसली त्यात तुमची चूक नाही, झोताचा आकार चुकीचा होता.

आता किती लांब दिसायला हवं ते बघू. ताशी २५ किमी म्हणजे सेकंदाला साधारण ७ मीटर. काहीतरी दिसणं, ते काय आहे हे कळणं आणि ब्रेक दाबणं यात दीड सेकंद जातो, म्हणजे १० मीटर गेले. थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी ७. झाले १७-१८ मीटर. थकलेल्या माणसासाठी थोडं राखून २५ धरा. दिवेघाटात ४५ च्या वेगाने उतरलात तर हाच हिशेब ४० मीटरच्या वर जातो. म्हणजे सपाटीवर पुरणारा दिवा उतारावर पुरत नाही. तिथे दिव्याचा मोड वाढवा, आणि तरी पुढचं दिसत नसेल तर वेग उतरवा. यात दुसरी पळवाट नाही.

म्हणून असा दिवा शोधा ज्याचा झोत वरून कापलेला असतो, मोटारीच्या लो-बीमसारखा. वरची कड सरळ, सगळा उजेड खाली रस्त्यावर, जवळ कमी आणि लांब जास्त. असे ३००-४०० खरे लुमेन तुमच्या '२०००' पेक्षा जास्त दाखवतील. दुकानदार दिवा दाखवतो तेव्हा दुकानातल्या उजेडात बघू नका. आत अंधाऱ्या जागी भिंतीवर मारून बघा. भिंतीवर गोल चकती उमटली की ठेवून द्या. वरची कड पट्टीने आखल्यासारखी दिसली तर पुढचं बोला.

दुसरी गोष्ट, छापील आकडे. १८६५० हा दिव्यातला रिचार्जेबल सेल म्हणजे १८ मिमी जाडीचा, ६५ मिमी लांबीचा. सेलमध्ये किती वीज मावते ते एमएएचमध्ये मोजतात, आणि यात आज चांगल्यात चांगल्या कंपनीचं ३५०० एमएएचच्या आसपास मावतं. त्याच सेलवर '९९००' छापलेलं दिसलं तर तो दिवा घेऊच नका, कारण जो सेलबद्दल खोटं सांगतो तो लुमेनबद्दलही सांगतो. असल्या सेलना बरेचदा संरक्षक सर्किटही नसतं.

तिसरं, 'चालण्याचा वेळ'. एएनएसआय एफएल१ नावाचं मोजमाप आहे. त्यात दिवा सुरू केल्यावर ३० सेकंदांनी जेवढा उजेड असतो, तो १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे खोक्यावर 'चार तास' लिहिलंय त्यातले शेवटचे दोन तास तुम्ही काजव्याच्या उजेडात असाल, असंही होऊ शकतं. त्यामुळे स्वतः हिशेब करा. ५००० एमएएच म्हणजे सुमारे १८ वॉट-तास. एका वॉटला १०० लुमेन धरले तर २०० लुमेनवर आठ तास जेमतेम निघतात. तुम्हाला आठच तास हवेत, म्हणजे पॉवर बँक लागणारच. आणि इथे एक प्रश्न दुकानात विचारायला विसरू नका: चार्जिंग चालू असताना दिवा पेटतो का? बरेच दिवे केबल लावली की बंद होतात किंवा फक्त मंद मोडवर येतात. रात्री अकराला हे कळून उपयोग नाही.

निळी_सायकल

कंदील, बाकी सगळं पटलं, पण कापलेल्या झोताबद्दल माझं मत वेगळं आहे. मी ताम्हिणीत आणि भोरच्या आतल्या रस्त्यांवर चालवतो. तिथे वर लोंबणाऱ्या फांद्या, वळणावर कड्याची भिंत, हे दिसायला लागतं. कापलेल्या झोतात वळणाचा आतला भाग काळाच राहतो. मी हँडलवर एक आणि हेल्मेटवर एक असे दोन वापरतो. मान वळवली की उजेड वळतो.

कंदील

आतल्या रस्त्यांसाठी मान्य. हेल्मेटवरचा दिवा वळणावर खरंच सोन्यासारखा. फक्त तो एकटा वापरू नये, आणि याचं कारण कळलं की विसरत नाही. खड्डा आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या खाली असतो, त्यामुळे खड्ड्याच्या अलीकडच्या कडेची सावली आत पडते आणि ती आपल्याला वरून दिसते. दिवा जितका खाली तितकी सावली लांब. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांच्या जवळच असतो. जिथून उजेड जातो तिथूनच आपण बघतो, त्यामुळे सावली दिसतच नाही आणि खड्डा सपाट डांबरासारखा वाटतो. रंग उडालेल्या गतिरोधकांचंही तेच. म्हणून हँडलवरचा मुख्य, हेल्मेटवरचा जोडीला, आणि समोरून कोणी आलं की मान खाली.

म्युनिकहून

इथे जर्मनीत या सगळ्याचा कायदाच आहे. सायकलचा दिवा रस्त्यावर वापरायचा तर त्यावर नागमोडी रेघ, 'के' हे अक्षर आणि पुढे क्रमांक छापलेला लागतो. समोरच्याचे डोळे दिपतील असा झोत चालत नाही. लुकलुकणारा दिवाही चालत नाही, पुढचा नाही आणि मागचाही नाही. २०१३ पर्यंत बहुतेक सायकलींना डायनॅमोच सक्तीचा होता, त्यानंतर बॅटरीचे दिवे सर्रास चालू झाले. त्यामुळे इथल्या बुश उंड म्युलरसारख्या कंपन्यांच्या दिव्यांवर लुमेनऐवजी लक्स छापलेले असतात. भारतात कोणी नातेवाईक येणार असतील तर असा दिवा मागवता येईल.

मी पुण्याहून इथे आलो तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात पुढच्या चाकाच्या हबमधला डायनॅमो घेतला. चालू आहे की नाही हे पायांना कळतसुद्धा नाही. ६ व्होल्ट, ३ वॉट, आणि हळू चालवलं तरी पुरेसा उजेड. थांबल्यावरही काही मिनिटं मंद पेटत राहतो, कारण आत थोडी वीज साठवणारा कपॅसिटर असतो. चार्जिंगची चिंता कायमची मिटली. तुम्ही लांब पल्ल्याचं मनावर घेतलंत तर पुढे कधीतरी याचा विचार करा. खर्च मात्र तुमच्या बजेटच्या बराच वर जातो.

खडकी_७४

डायनॅमो वाचून राहवलं नाही. आमचे वडील खडकीच्या कारखान्यात होते, दुसऱ्या पाळीला. १९७४ साली मी सातवीत. त्यांच्या सायकलला आधी रॉकेलचा दिवा होता. संध्याकाळी निघताना आई काच पुसून, वात कापून द्यायची. दिवा नसेल तर चौकात हवालदार अडवायचे, हे त्या पिढीतल्या प्रत्येक पुणेकराला ठाऊक आहे. वाऱ्याने दिवा विझला असेल तर लोक काच हाताने चाचपायला द्यायचे: बघा साहेब, अजून गरम आहे.

मग त्यांनी बाटलीचा डायनॅमो घेतला. तो खटका दाबला की टायरला टेकायचा आणि घर्रर्र आवाज सुरू व्हायचा. रात्री साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की आई भाजी गरम करायला ठेवायची. पायडल जड व्हायचं, पावसात टायर ओला झाला की डायनॅमो घसरायचा, आणि सायकल थांबली की अंधार. पण तो उजेड पिवळा आणि मऊ होता. आता समोरून येणारा पांढरा एलईडी मला सहन होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरीही प्रकाशाभोवती कडी दिसतात. तुम्ही तरुण मंडळी दिवा घ्याल तेव्हा तो थोडा खाली झुकवून लावा, एवढी विनंती.

हडपसरचा_स्वार

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे आजोबाही पाळीला सायकलनेच जायचे, त्यांच्या दिव्याबद्दल मी कधी विचारलंच नाही.

दिवा किती झुकवायचा, याला काही माप आहे का?

कंदील

आहे. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. दिव्याच्या उंचीवर भिंतीला खडूची खूण करा. झोताचा सगळ्यात उजळ भाग त्या खुणेच्या साधारण २० सेंमी खाली आला पाहिजे. दिवा जमिनीपासून मीटरभर उंच असेल तर तो रस्त्यावर २५ मीटरवर पडतो. सायकलवर बसून बघा, कारण वजनाने पुढचा भाग थोडा दबतो. आणि ब्रॅकेटचा स्क्रू घट्ट करा, खड्ड्यात दिवा वर उडाला की सगळं माप वाया.

गोदाकाठ

सगळे पुढच्या दिव्यावर बोलताय. मी नाशिकला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, आठवड्यातून चार दिवस रात्री दहाला सुटते आणि सात किमी सायकलने घरी येते. गावात रस्त्यावर दिवे आहेत, मला दिसतं सगळं. माझा प्रश्न उलटा आहे, मी गाडीवाल्याला दिसते का?

माझं पाच वर्षांचं शहाणपण असं. मागे दोन लाल दिवे, एक सीटपोस्टला आणि एक मडगार्डला. एक बंद पडला तर दुसरा असतो, आणि मागचा बंद पडलाय हे आपल्याला चालवताना कधीच कळत नाही. ओढणी, जॅकेट, पाठीवरची सॅक, यांपैकी काहीतरी दिव्यावर येतं, ते निघण्यापूर्वी बघायचं. माझा दिवा दोन महिने सॅकच्या पट्ट्याखाली झाकलेला होता, मैत्रिणीने मागून येताना सांगितलं तेव्हा कळलं.

घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधते. स्वस्तातली गोष्ट, पण सगळ्यात उपयोगी. पायडल मारताना त्या वर-खाली होतात, आणि मागच्या ड्रायव्हरला लांबूनच कळतं की हा खांब किंवा फलक नाही, सायकलवरचा माणूस आहे. अंगातलं चमकणारं जॅकेट एवढं पटकन सांगत नाही.

आणि बायकांसाठी एक. रिकाम्या रस्त्यावर मी थांबत नाही, म्हणून दिवा चार्ज आहे की नाही हे लॅबमधून निघतानाच बघते. दिवा काढून पर्समध्ये ठेवायची सवय लावा, सिव्हिलसमोर माझे दोन चोरीला गेले.

पहाटवारा

घोट्याच्या पट्ट्यांना दहादा अनुमोदन, ताई.

लुकलुकता ठेवावा की स्थिर? माझा अनुभव: गर्दीत लुकलुकता पटकन लक्ष वेधतो, पण अंधाऱ्या रस्त्यावर तो नेमका किती लांब आहे हे मागच्याला कळत नाही. उजेड आहे, नाही, आहे, नाही, आणि मधल्या वेळात सायकल सरकलेली असते. म्हणून एक स्थिर आणि एक लुकलुकता. ग्रुपमध्ये चालवताना सगळे स्थिर, नाहीतर मागच्या स्वाराचं डोकं दुखतं. पुढचा पांढरा दिवा रात्री लुकलुकता कधीच नको. रस्ता सिनेमाच्या रिळासारखा तुटक दिसतो आणि समोरच्यालाही त्रास.

निळी_सायकल

ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी: गार्मिनच्या व्हारिया रेडारमध्ये मागचा लाल दिवा आणि रेडार एकत्र येतं. मागून येणारी गाडी १४० मीटरपासून सायकल-कॉम्प्युटरवर टिंबासारखी दिसते आणि बीप होतो. स्वस्त नाही. पण साताऱ्याच्या हायवेवर वाऱ्याच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही, तिथे मला त्याचा फार आधार वाटतो. खंबाटकीच्या बोगद्यात तर विशेषच. बोगद्यात आवाज चारी बाजूंनी घुमतो, गाडी मागे आहे की पुढे तेच उमगत नाही.

चिपळूणचा_पाऊस

कोकणातून लिहितोय म्हणून पाण्याचं सांगतो. दिव्यावर आयपीएक्स४ लिहिलं असेल तर शिंतोडे सहन होतात, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. आमच्याकडे जुलैत ४ वाला टिकत नाही. त्यातही दिवा मरतो तो चार्जिंगच्या भोकातून. रबरी झाकण सैल झालं की तांब्याच्या पिना हिरव्या पडतात. पावसातून आल्यावर झाकण उघडून उलटा ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जरला लावू नका.

कुंभार्ली घाटात धुकं आलं की उजेड वाढवू नका. जितका वाढवाल तितकी समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड कमी करून झोत आणखी खाली आणा, आणि हेल्मेटवरचा तर आधी बंद करा, तो थेट डोळ्यांसमोरचं धुकंच उजळतो.

ओझर_पाळी

मी एमआयडीसीत सुपरवायझर आहे. इथली चर्चा वाचून मनात आलं ते लिहितो, थोडं विषयाला सोडून वाटेल.

आपण चार-पाच हजारांचे दिवे निवडतोय, ते योग्यच. पण रात्री रस्त्यावर सगळ्यात जास्त सायकली कोणाच्या असतात? आमच्या तिसऱ्या पाळीचे हेल्पर, वॉचमन, पहाटे पेपर टाकणारी पोरं. काळी सायकल, काळी पँट, दिवा नाही. रिफ्लेक्टर होता तो पहिल्याच वर्षी तुटला. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाला गेटपासून अर्ध्या किलोमीटरवर टेम्पोने मागून उडवलं. वाचला, पण पाय गेला. ड्रायव्हर म्हणत होता की दिसलाच नाही, आणि मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

त्यानंतर मी लाल रंगाची चमकणारी टेप आणली आणि पाळी सुटताना गेटवर उभा राहून मडगार्डला, कॅरिअरला, पायडलच्या कडांना चिकटवत गेलो. मडगार्ड आधी रॉकेलने पुसून, कोरडं करून लावली तर टेप पावसाळाभर टिकते. एका सायकलला पाच मिनिटंही लागत नाहीत. आता नवीन पोरं स्वतःहून मागतात.

हडपसरचा_स्वार

मंडळी, उशिरा लिहितोय कारण आधी करून बघायचं होतं.

पुढचा दिवा घेतला तो वरून कापलेल्या झोताचा, ४०० लुमेनचा, चार्जिंग चालू असतानाही पूर्ण उजेड देणारा. दुकानाच्या मागच्या गोदामात भिंतीवर मारून बघितला. दुकानदार आधी वैतागला, मग त्याने स्वतःच आणखी तीन दिवे लावून दाखवले. मागे दोन लाल, एक स्थिर, एक लुकलुकता. घोट्यांच्या पट्ट्या. जुना '२०००' वाला उघडून बघितला तर आत ४० ग्रॅमपेक्षा हलका, म्हणजे खऱ्या १८६५० पेक्षा कमी वजनाचा सेल निघाला, तो ई-कचऱ्यात दिला.

काल पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. यावेळी घरी सगळं सांगून. फरक शब्दांत सांगायचा तर, आधी मी उजेडाचं डबकं ढकलत चाललो होतो, आता रस्ताच समोर आला. दौंडज खिंडीच्या अलीकडे खड्ड्यांची रांग वीसेक मीटरवरून सावल्यांसकट दिसली. समोरून गाडी आली की मी डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवत होतो, तेवढ्याने डोळे कमी दिपतात. दुचाकीवाल्यांपैकी एकानेही माझ्याकडे बघून डिपर मारला नाही. आधी दर पाचवा मारायचा, आणि का मारतो ते मला कळत नव्हतं.

सहा तास २०० लुमेनवर, उतारांना ४००. दिवेघाट उतरायच्या आधी पॉवर बँक जोडली.

वाल्ह्याला चहाला थांबलो तेव्हा टपरीसमोर दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. ओझर_पाळी, तुमचं वाचून मी सॅकमध्ये टेपचा एक रोल टाकला होता. ड्रायव्हरला विचारलं, लावू का मागे? तो खाली उतरला, बाटलीतलं पाणी ओतून फळी धुतली आणि स्वतःच्या गमछाने पुसून दिली. मागच्या ट्रॉलीच्या दोन्ही कडांना आणि खाली आडवी अशी लावली. मोबाइलचा टॉर्च मारून त्याने लांबून बघितलं आणि विचारलं, पुढच्या ट्रॉलीला पण पुरेल का? बीड जिल्ह्यातला होता, बायको आणि दोन लेकरं ट्रॉलीबरोबरच होती. टेप तेवढी उरली नव्हती.

येत्या रविवारी दुपारी दोनला हडपसरहून पुन्हा निघतोय, सॅकमध्ये सहा रोल घेऊन. जेजुरी ते नीरा जेवढ्या ट्रॉल्या उभ्या दिसतील तेवढ्यांना लावायचा विचार आहे. कोणी येणार का?

निळी_सायकल

मी येतो. सासवडला एसटी स्टँडसमोर भेटू, साडेतीनला. टेप ५ सेंमी रुंदीची घ्या, अरुंद असली की उसाच्या पाचटाखाली झाकली जाते.

ओझर_पाळी

मला नाशिकहून येणं जमणार नाही, पण दहा रोल कुरिअर करतो. पत्ता व्यक्तिगत संदेशात कळवा. आणि फळ्या पुसायला जुनी फडकी न्या, प्रत्येक ड्रायव्हरकडे गमछा मागायला नको.